एका कार्बोरेटरची फेरतपासणी

एप्रिल २०२३मधली गोष्ट. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात, भर दुपारी, १९४८ सालची लाल रंगाची एमजी टीसी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी होती. तारांच्या चाकांची, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी ही गाडी माझ्या मित्राच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची. १९७१मध्ये त्यांनी ती पुण्यातल्या कॅम्पात एका पारशी गृहस्थांकडून घेतली. त्या दिवशी स्टिअरिंगवर ८१ वर्षांचे अप्पा होते आणि शेजारी मी. वाईपर्यंत गाडी सुरेख आली. घाट लागल्यावर काही वळणांनी ती गचके खाऊ लागली, कार्बोरेटरमधून उलटं फटफटली आणि बंद पडली. सेल्फ मारून उपयोग झाला नाही. पाऊण तास झाडाखाली बसलो. मग काहीच झालं नव्हतं अशा थाटात ती एका हिसक्यात सुरू झाली.

पुण्यात परतल्यावर अप्पांनी चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे नाना पेठेतले मेकॅनिक. १९७९पासून या गाडीला त्यांच्याखेरीज कुणाचा पाना लागला नव्हता. अप्पा उखडलेले होते. "मागच्या वर्षी तुम्ही कार्बोरेटर उघडलात आणि तेव्हापासून गाडीचं वाटोळं झालं. पेट्रोलही जास्त पिते." चाचा शांतपणे म्हणाले, "कारबेटरला काही झालेलं नाही, अप्पासाहेब. पेट्रोल पूर्वीचं राहिलेलं नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बंद पडली तेव्हा पंप टिकटिक करत होता की गप्प होता?" टिकटिकत होता, न थांबता, असं मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

"चाळीस वर्षं प्रत्येक मेकॅनिक पेट्रोललाच दोष देतोय," अप्पा म्हणाले. माझं इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही. पण गेली वीस-बावीस वर्षं जुन्या मोटारींची मॅन्युअलं, कॅटलॉग आणि इतिहास मी नादाने वाचत आलो आहे. त्या जोरावर मी अप्पांची बाजू घेतली. मिश्रण बिघडल्याची लक्षणं आहेत, कार्बोरेटरची जुळणी चुकली असावी, असं मी चाचांच्या तोंडावर बोललो. चाचांनी फडक्याला हात पुसले, हत्यारांची पिशवी उचलली आणि ते निघून गेले. पुन्हा आले नाहीत. जानेवारी २०२४मध्ये ते गेले.

त्या दिवशीचा निवाडा माझ्या मनातून जाईना. २०२५च्या सुरुवातीला मी अप्पांची परवानगी घेऊन ते दोन्ही कार्बोरेटर टेबलावर उघडले आणि एकेक संशयित तपासायला घेतला. तपासता तपासता असं ध्यानात आलं, की यातल्या प्रत्येक दोषामागे स्वतःचा इतिहास आहे आणि तो इतिहास कळल्याखेरीज दोष कळत नाही.

कचरा

मोटारीच्या इंधनातला नोंदला गेलेला पहिला बिघाड हा मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच झाला. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्याची तीन चाकी गाडी मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमपर्यंत नेली. अंतर शंभरएक किलोमीटर. पेट्रोल पंप ही गोष्ट जगात नव्हती. लिग्रोइन नावाचं डाग काढायचं हलकं तेल औषधाच्या दुकानात मिळायचं. ते त्यांनी वीसलोख गावातल्या दुकानातून घेतलं. वाटेत तेलाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीची पिन काढून ती मोकळी केली.

पिनेची गोष्ट सगळे सांगतात. मला त्या गाडीचा कार्बोरेटर जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात सुई नव्हती, जेट नव्हतं. एका डब्यात इंधन असे आणि त्याच्या पृष्ठभागावरून जाणारी हवा त्याची वाफ उचलून इंजिनात नेई. यात एक अंगभूत अडचण होती. इंधन हे एकजिनसी द्रव नसतं, हलक्या-जड अनेक तेलांचं ते मिश्रण असतं. हवा त्यातला हलका भाग आधी उडवून नेई आणि डब्यात जड गाळ उरे. थोडक्यात, तोच कार्बोरेटर सकाळी एक इंधन पीत असे आणि संध्याकाळी दुसरंच.

अप्पांची गाडी वर्षातून चार-पाच वेळा बाहेर पडते. मधले महिने टाकीत पेट्रोल नुसतं बसून असतं. हलका भाग हळूहळू उडतो, उरलेल्याचा चिकट, तपकिरी थर बसतो. टाकी काढली तर तळाशी तो थर होता आणि गाळणीत त्याचे सुटलेले कण होते. सगळं धुऊन काढलं. गाडी सुरू चांगली होऊ लागली. पण दिवेघाटात नेली तर पुन्हा तेच गचके. कचरा होता, पण तो मूळ गुन्हेगार नव्हता. आणि एवढी वर्षं जागच्या जागी बसलेला थर आताच का सुटला, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

फ्लोट

पृष्ठभागावरच्या वाफेचा प्रश्न सुटला तो १८९३मध्ये. हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फेब्रुवारीत, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी त्याच वर्षी पुढे, इंधन बारीक छिद्रातून हवेत फवारणारा कार्बोरेटर आणला. फवाऱ्यात हलकं-जड सगळं इंधन एकदम जातं, निवड होत नाही. पण फवारा नेमका हवा असेल तर छिद्रामागची पातळीही नेमकी राहायला हवी. त्यासाठी आला फ्लोट. आपल्या संडासाच्या फ्लशच्या टाकीत जो तरंगता गोळा असतो, तेच तत्त्व. पातळी वाढली की फ्लोट वर येऊन झडप बंद करतो, उतरली की उघडतो.

या छोट्या डब्यात एक गृहीतक दडलेलं आहे: वर म्हणजे वर आणि खाली म्हणजे खाली. ते मोडलं की काय होतं ते १९४०मध्ये ब्रिटनच्या आकाशात दिसलं. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनाला एसयू कंपनीचा फ्लोटचा कार्बोरेटर होता. वैमानिकाने नाक एकदम खाली दाबून सूर मारला, की पेट्रोल डब्याच्या छताला जाऊन चिकटे आणि इंजिन क्षणभर उपाशी राही. लगेच उलटं होई. फ्लोटची झडप सताड उघडी राहून पंपाच्या दाबाने पेट्रोलचा लोंढा आत येई आणि इंजिन काळा धूर सोडत गुदमरे. समोरच्या मेसरश्मिट विमानांना थेट इंधन फवारणी असल्याने ती बिनधास्त सूर मारून निसटत.

फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर होत्या. तिशीतल्या शिलिंग त्याआधी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकलवरून ताशी १०० मैलांच्या वर गेल्या होत्या. त्यांनी कार्बोरेटर बदलला नाहीच, त्याला हातही लावला नाही. त्याकडे जाणाऱ्या नळीत एक मोजून भोक पाडलेला धातूचा छोटासा तुकडा बसवला. इंजिनाला पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जाऊ शके, त्याहून जास्त नाही. लोंढा थांबला. मार्च १९४१पासून छोटी तुकडी घेऊन त्यांनी तळातळावर जाऊन हा तुकडा बसवला. विमान कारखान्यात परत न्यायची गरज पडली नाही. कायमचा इलाज, म्हणजे दाबावर चालणारा कार्बोरेटर, पुढे १९४३मध्ये आला.

ही हकिकत मी चाचांना पूर्वी एकदा सांगितली होती. ते हसून म्हणाले होते, "म्हणजे बाईंना कळलं की दुखणं पोटात नाही, वाढणाऱ्याच्या हातात आहे." ते वाक्य मला विनोद वाटलं होतं.

एमजीचे दोन्ही फ्लोट काढून तपासले. पितळेचे पोकळ फ्लोट सांध्याला झिरपले की त्यांत पेट्रोल शिरतं, ते जड होऊन बुडतात आणि कार्बोरेटर वाहू लागतो. कानाशी हलवून पाहिले, आत काही वाजलं नाही. गरम पाण्यात बुडवून पाहिले, एकही बुडबुडा आला नाही. झडपा नीट बसत होत्या. दुसरा संशयितही सुटला.

सुई

आता उरला कार्बोरेटरचा गाभा, म्हणजे एसयूची खासियत. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हे लंडनच्या 'लिली अँड स्किनर' या बुटांच्या पेढीच्या घराण्यातले. धंदा चामड्याचा आणि नाद मोटारींचा. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचं म्हणणं असं, की बाकीच्या कार्बोरेटरांत हवेची वाट एकाच मापाची असते. त्यामुळे इंजिन हळू असताना ओढ कमी पडते आणि जोरात असताना जास्त होते. वाट हवेनुसार स्वतःच लहान-मोठी झाली तर? सुरुवातीच्या एसयूमध्ये हे काम चामड्याचा भाता करत असे. बुटांच्या घरातला माणूस दुसरं काय वापरणार! पुढे भात्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली. १९२६मध्ये विल्यम मॉरिस यांनी ही कंपनी घेतली. एमजी ही मॉरिस गॅरेजेसचीच संतती, त्यामुळे तिला एसयू कार्बोरेटर मिळणं ओघानेच आलं. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० टीसी बनल्या आणि प्रत्येकीच्या १२५० सीसीच्या इंजिनावर दोन-दोन एसयू होते.

त्याचं काम पाहायला फार सुंदर असतं. इंजिन जेवढी हवा मागेल तेवढा पिस्टन वर उचलला जातो. पिस्टनच्या बुडाशी खाली निमुळती होत गेलेली सुई असते आणि ती जेटमध्ये शिरलेली असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त मिळतं. वरच्या दांड्यात पातळ तेल भरलेलं असतं. त्यामुळे पिस्टन एकदम उसळत नाही आणि अॅक्सिलरेटर दाबल्या क्षणी मिश्रण जरा दाट राहतं. सगळं शहाणपण त्या सुईच्या निमुळतेपणात असतं. इंचाच्या हजाराव्या भागाने जाडी बदलली, तर गाडीचा स्वभाव बदलतो. म्हणून प्रत्येक सुईवर तिच्या जातीची बारीक अक्षरं ठोकलेली असतात.

मिश्रण तपासायची रीतही सोपी. इंजिन चालू ठेवून पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट, इंजिन मरू लागलं तर पातळ, आणि वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. मी करून पाहिलं. दोन्ही कार्बोरेटर अगदी बरोबर निघाले.

मला खरं तर ते बिघडलेले हवे होते. तसे नव्हते, म्हणून मी पिस्टन बाहेर काढले आणि भिंगाखाली सुयांवरची अक्षरं वाचली. कारखान्याच्या पुस्तकात टीसीसाठी दिलेली ती अक्षरं नव्हती. सुयांचे तक्ते काढून जाडी ताडून पाहिली. चाचांनी मूळ सुया काढून एक पायरी दाट मिश्रण देणाऱ्या सुया बसवल्या होत्या. दोन्ही कार्बोरेटरना सारख्या, आणि जेटच्या पातळीसकट नेमक्या जुळवलेल्या.

अप्पांना सवय आहे, १९७१पासून गाडीची वही ठेवायची. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, दुरुस्ती, खर्च. ती वही मागून घेतली. जुलै २०२२ची नोंद: 'गाडी कार्बोरेटरमधून ठिणग्या उडवते, ओढ नाही.' सप्टेंबर २०२२: 'चाचा. कार्बोरेटर सर्व्हिस. ओढ पूर्ववत.' त्यापुढे लिटरला जाणारे किलोमीटर मात्र उतरलेले. वर्षानुवर्षं ११च्या आसपास असलेला आकडा साडेनऊ-दहावर आलेला. 'पेट्रोल जास्त पिते' हा अप्पांचा आरोप खरा होता. पण कार्बोरेटरमधून मागे फटफटणं हे पातळ मिश्रणाचं लक्षण. चाचांनी त्याचा इलाज केला होता आणि तो लागू पडला होता. मग सत्तर वर्षं ज्या सुयांवर गाडी नीट चालली, त्याच सुयांवर २०२२मध्ये मिश्रण पातळ कसं झालं?

पेट्रोल

कार्बोरेटर धातूचा असतो, तो जिथल्या तिथे राहतो. आपण 'पेट्रोल' हा एकच शब्द वापरतो म्हणून तेही तसंच राहिलं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्या नावाखाली दर पिढीला वेगळा पदार्थ विकला गेला आहे. बर्था बेंझ यांच्या काळी ते रॉकेल काढताना हाती येणारं हलकं जोडउत्पादन होतं. मोटारी वाढल्या तसं ते पुरेना. १९१३मध्ये अमेरिकेत विल्यम बर्टन यांना जड तेलाचे रेणू उष्णतेने आणि दाबाने तोडून पेट्रोल करण्याचं पेटंट मिळालं. १९२१मध्ये थॉमस मिजली यांनी त्यात शिशाचं संयुग घातलं की इंजिन ठोकत नाही हे शोधलं. १९२३पासून ते विकलं गेलं आणि पुढच्याच वर्षी ते बनवताना न्यू जर्सीत कामगार दगावले. तरीही जगाने ते जवळजवळ शंभर वर्षं जाळलं. टीसी जन्मली तेव्हा ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून चालत आलेलं 'पूल पेट्रोल' मिळत असे, हलक्या दर्जाचं. ते चालावं एवढाच बेताचा दाब, ७.२५ला १, तिच्या इंजिनाला दिलेला आहे. भारतात शिसं संपूर्ण गेलं ते १ फेब्रुवारी २०००पासून.

त्यानंतर आला ऊस. १९५०-५१मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना पहिला गळीत हंगाम करत होता, तेव्हा मळीचं काय करायचं हा प्रश्न होताच. मळीपासून केलेलं अल्कोहोल मोटारींत जाळावं यासाठी १९४८मध्येच, म्हणजे अप्पांची गाडी बनली त्याच वर्षी, केंद्राने पॉवर अल्कोहोलचा कायदा केला होता. ब्रिटनमध्येही 'क्लीव्हलँड डिस्कॉल' नावाचं अल्कोहोलमिश्रित पेट्रोल १९२८पासून विकलं जाई. कल्पना जुनीच. आपल्याकडे ती नव्याने रुजली २००१मध्ये, तीन ठिकाणच्या प्रयोगांतून: उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आंवला, आणि आपल्या राज्यात मिरज आणि मनमाड. २००३पासून नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं, त्यात महाराष्ट्र होता. पुढची वीस वर्षं हे काम रखडत, अडखळत चाललं. मग वेग आला. जून २०२२मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोचली, फेब्रुवारी २०२३पासून काही पंपांवर २० टक्क्यांचं पेट्रोल मिळू लागलं आणि २०२५पर्यंत ते सर्वत्र झालं.

अप्पांच्या वहीतली जुलै २०२२ची नोंद मी पुन्हा वाचली.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. मिश्रणात १० टक्के इथेनॉल असेल तर हे प्रमाण १४.१च्या जवळ येतं, २० टक्के असेल तर साडेतेराच्या. नव्या गाडीत सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर हे ओळखतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. एसयूच्या सुईला हे कळायचा मार्ग नाही. ती १९४८च्या हिशेबानेच पेट्रोल सोडत राहते आणि मिश्रण चार ते आठ टक्के पातळ होतं. त्यावर उपाय एकच, एक पायरी दाट सुई. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून किलोमीटरही थोडे घटणारच. इथेनॉल चांगलं विरघळवणारं आहे, म्हणून टाकीतला जुना थर २०२२नंतर सुटून गाळणीत आला. माझा पहिला अनुत्तरित प्रश्नही सुटला.

कागदावरचं गणित पुरेसं नव्हतं. मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घेतलं, त्यावर ९० मिलिलिटर पेट्रोल ओतलं, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, पण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. तळाचा पाण्याचा थर १० वरून २८च्या आसपास गेला. म्हणजे १८ मिलिलिटर इथेनॉल, वीस टक्के. भेसळ नव्हती. सरकारने जाहीर केलं होतं तेच, तेवढंच होतं. पंपावर तशी पाटीही होती. आम्ही ती वाचून पुढे गेलो होतो.

घाट

मिश्रणाचा उलगडा झाला, तरी घाटात गाडी का थांबली हे राहिलंच. तिथे चाचांचा प्रश्न आठवला: पंप टिकटिकत होता का?

टीसीचा पेट्रोल पंप विजेचा. त्यातला पडदा चुंबकाने ओढला जातो, सुटतो, आणि प्रत्येक वेळी 'टिक' आवाज होतो. फ्लोटचे डबे भरले की पंप थांबतो. जुने मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी कान लावतात. अजिबात आवाज नसेल तर पंपाचे पॉइंट जळालेले किंवा वीज नाही. सावकाश टिकटिक म्हणजे सारं ठीक. न थांबता भराभर टिकटिक म्हणजे पंप ओढतोय, पण त्याच्या हाती पेट्रोल लागत नाही: टाकी रिकामी आहे, कुठून हवा धरली आहे किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली आहे.

टीसीत टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाच्या कोठडीत. म्हणजे तो पेट्रोल लांबून ओढून घेतो आणि ओढताना नळीतला दाब कमी होतो. कमी दाबात द्रव लवकर उकळतं. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटर इंजिनाच्या एकाच बाजूला, त्यामुळे डबेही तापतात. एप्रिलची दुपार, घाटातली संथ चढण, समोरून वारा नाही, उंचीमुळे हवेचा दाब आणखी कमी. त्यात इथेनॉल. नुसतं इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलशी त्याची गाठ पडली की दोघं मिळून आणखी कमी तापमानाला वाफ होऊ लागतात. मूळ पेट्रोल तेच ठेवलं, तर वाफेचा दाब सगळ्यात जास्त वाढतो तो ५ ते १० टक्क्यांच्या मिश्रणात. म्हणजे नेमकं २०२३च्या पसरणी घाटात आमच्या टाकीत होतं त्या प्रकारात. पाऊण तासाने वाफ निवली, पेट्रोल परत पेट्रोल झालं आणि गाडी सुरू झाली.

घाटातल्या ड्रायव्हरांना हे नवं नव्हतं. खंडाळ्याच्या जुन्या घाटात फियाट आणि अॅम्बॅसडरच्या पंपावर ओलं फडकं टाकलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. अमेरिकेत लोक पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत. फडक्यात खरं विज्ञान होतं, चिमट्यात किती होतं याबद्दल मतभेद आहेत. चाचांनी एक प्रश्न विचारून रोग ओळखला होता. मी उत्तर दिलं, पण त्या उत्तराचा अर्थ मला कळला नाही.

दुरुस्ती साधी ठरली. पंपाच्या ओढीकडचा रबरी तुकडा इथेनॉलने आतून मऊ पडून फुगला होता, तो काढून इथेनॉल सोसणारी नळी घातली. एक्झॉस्ट आणि फ्लोटच्या डब्यांमध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा बसवला. गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची, असं ठरवलं. आता पेट्रोल २० टक्क्यांचं, म्हणून जेट किंचित खाली घेतले. सुया चाचांच्याच ठेवल्या.

निवाडा

इथेनॉलला खलनायक ठरवून हा लेख संपवता आला असता, पण ते खरं नाही. त्या वीस टक्क्यांत आपल्याच राज्यातल्या उसाचे पैसे आहेत, आणि जाळायचं तेल बाहेरून कमी आणावं यात गैर काही नाही. शिसं गेलं तेव्हाही जुन्या गाड्यांना त्रास झाला, म्हणून शिसं ठेवायला हवं होतं असं कुणी म्हणणार नाही. कार्बोरेटर निर्दोष होता, पेट्रोलही आपल्या जागी बरोबर होतं. दोघांच्या काळात पाऊणशे वर्षांचं अंतर होतं आणि ते अंतर रोज हातांनी भरून काढणारा एक माणूस मध्ये उभा होता. एप्रिल २०२०मध्ये नवे प्रदूषण नियम आल्यापासून नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेला. सुईची अक्षरं वाचणारे, पंपाला कान लावणारे हात आता नाना पेठेतही मोजकेच उरलेत.

मेकॅनिक नेहमीच पेट्रोलला दोष देतात, हे अप्पांचं म्हणणं खोटं नव्हतं. रॉकेलच्या भेसळीच्या काळात तो दोष पुष्कळदा खरा असे आणि पुष्कळदा सबबही असे. नेहमीचं वाक्य म्हणून आम्ही ते ऐकलं नाही, आणि त्या एका वेळी ते शब्दशः खरं होतं. चाचांनी पाण्याची नळकांडी मांडली नव्हती, आकडे काढले नव्हते. त्यांनी सुई बदलून आपलं निदान गाडीत लिहून ठेवलं होतं. मी ते सुमारे अडीच वर्षांनी वाचलं.

मे २०२५मध्ये, भर दुपारी, आम्ही मुद्दाम पसरणी घाट चढलो. गाडी थांबली नाही. पाचगणीत चहा घेताना अप्पा फारसं बोलले नाहीत. परतल्यावर ते मला घेऊन नाना पेठेत चाचांच्या मुलाच्या दुकानी गेले आणि झालेलं सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा म्हणायचे, अप्पासाहेब रागावले की पंधरा दिवसांत स्वतःच फोन करतात."

घरी येऊन अप्पांनी वही काढली. एप्रिल २०२३च्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'घाटात बंद. कारण: चाचांनी कार्बोरेटर बिघडवला.' त्यांनी दुसऱ्या ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिलं: 'कारण: पेट्रोलची वाफ. चाचांचं निदान बरोबर होतं.' खाली त्या दिवशीची तारीख घातली. माझी सही मागितली. मी केली.